ओ निगेटिव्हची पिशवी

माझं हिमोग्लोबिन तेरा. आमच्या घरातल्या बाकीच्या बायका रक्त द्यायला गेल्या की नुसतं बोट टोचून घेऊन परत येणार. मी मात्र दरवेळी पहिल्या फटक्यात पास. त्यात गट ओ निगेटिव्ह, शोधून सापडत नाही असा. या दोन्ही गोष्टींचा मला नको तितका तोरा होता, हे आधीच कबूल करते.

पहिल्या लॉकडाऊनच्या उन्हाळ्यात लासूर स्टेशनच्या माझ्या भाचीला बाळंतपणासाठी शहरातल्या दवाखान्यात आणलं. वार खाली सरकली होती, म्हणून सिझेरियन ठरलं. तिचा गटही माझाच. डॉक्टरांनी दोन पिशव्या हाताशी ठेवायला सांगितल्या होत्या आणि मिळाली होती एकच. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी जावयाचा फोन आला.

"मावशी, डॉक्टर म्हनत्यात दुसरी पिशवी आल्याबिगर हात लावायचा नाय. लई लोकायला फोन केले. कुनी घराबाहेर निघंना."

"मी आहे ना," मी ऐटीत म्हणाले. "उद्याच्या आत पिशवी मिळेल."

फोन ठेवला आणि मग कुठं स्वतःकडं लक्ष गेलं. उठल्यापासून पिंढऱ्या दुखत होत्या, घसा खवखवत होता. एरवी असल्या दुखण्याला मी भीक घालत नाही. पण त्या दिवसांत घसा खवखवला की माणूस आधी घरच्यांची तोंडं बघायचा. आमच्या ह्यांना साखरेचा आजार. मागच्या गल्लीला पत्रे ठोकलेले, आणि तिथून रुग्णवाहिकेत बसून गेलेले दोघं परत आले नव्हते. मी कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही. कूलरसमोर झोपल्यामुळं असेल, अशी स्वतःची समजूत घातली आणि तापाची एक गोळी घेऊन निघाले. दारात ते बंदुकीसारखं यंत्र कपाळाला लावतील आणि परत पाठवतील, एवढीच धास्ती होती. परत पाठवलं तर पोरीचं काय?

रक्तपेढीत सगळं जपून चाललं होतं. खुर्च्या लांब लांब, येणाऱ्या प्रत्येकाला वेगळी वेळ, शिरतानाच साबणानं हात धुवायचे. यंत्राला माझं कपाळ पसंत पडलं. अर्जात ताप, खोकला, घसादुखी, अंगदुखी असं एकेक विचारलं होतं. चारही ठिकाणी मी ठळक अक्षरात 'नाही' लिहिलं.

रक्त काढणारी मुलगी तिशीची असेल. तिला शीर पहिल्याच वेळी सापडली. पिशवी भरल्यावर तिनं कॉफी आणि बिस्किटं दिली आणि चक्कर येते का बघायला शेजारच्या स्टुलावर बसली. मी मास्क हनुवटीवर ओढला. दोन महिने घराबाहेरच्या माणसाशी बोलले नव्हते, त्यामुळं माझं तोंड थांबेना. तिचा मुलगा दोन वर्षांचा, सासूकडं ठेवून येते, घरी गेल्यावर आंघोळ केल्याशिवाय त्याला जवळ घेत नाही, असं ती सांगत होती. काही लागलं तर असू दे म्हणून तिनं आपला नंबरही दिला.

दुपारी तीनला मला सडकून ताप भरला.

थर्मामीटर बघितलं आणि पहिल्यांदा पिशवी आठवली. माझी पिशवी तिथं फ्रिजमध्ये पडली होती आणि सकाळी ती भाचीच्या अंगात जाणार होती. कळवलं तर पिशवी फेकून देतील, मग टेबलावर त्या पोरीला काय चढवायचं? नाही कळवलं तर मीच माझ्या हातानं तिला हा रोग दिला असं होईल. शिवाय कळवलं की महापालिकेची माणसं येणार, गल्ली बंद होणार, ह्यांनाही नेणार. गेलेले दोघं डोळ्यांसमोरून हलेनात. दीड तास मी फोन हातात धरून रडत बसले. इतकी मी कधीच भ्याले नव्हते. शेवटी त्या मुलीचा नंबर लावला.

"ताई, सकाळी ओ निगेटिव्ह देऊन गेले ना, ती मी. आत्ता ताप आलाय मला." गोळीचं बोलायला तेव्हाही जीभ रेटली नाही.

"कळवलंत ते बरं केलंत, काकू. पिशवी बाजूला काढते. रक्तातून हा आजार जातो असं अजून तरी दिसलेलं नाही, पण धोका नको." मग म्हणाली, "श्वासातून जातो."

दीड तास मी पिशवीचाच घोर लावून घेतला होता. मास्क खाली ओढून ज्या बाईशी गप्पा मारल्या तिची मला आठवणसुद्धा झाली नव्हती.

पेढीच्या यादीतला बिडकीनचा एक ड्रायव्हर संध्याकाळी येऊन रक्त देऊन गेला. भाचीला मुलगी झाली, दोघी सुखरूप. जावई फोनवर हसत होता, रडत होता. माझी तपासणी पॉझिटिव्ह आली, ह्यांची निगेटिव्ह; पालिकेनं मला घरीच वेगळं राहायला सांगितलं. मी वरच्या खोलीत एकटी पडून होते, आणि मला कशाचाच आनंद होत नव्हता.

आठव्या दिवशी न राहवून त्या मुलीला फोन केला. ती घरातच होती, मागच्या खोलीत, दार लावून. तिची तपासणी आदल्या दिवशी पॉझिटिव्ह आली होती. मूल दाराबाहेर रडत होतं, ते मला ऐकू येत होतं.

मग मात्र माझ्यानं राहवेना. "बाई, मी त्या दिवशी गोळी घेऊन आले होते. अंग सकाळपासूनच दुखत होतं."

तिनं आधी दाराआडून मुलाची समजूत घातली.

"मला शंका आली होती, काकू. एवढ्या एसीत तुमच्या कपाळावरून घाम ओघळत होता. विचारणार होते मी. पण तुमच्या भाचीचा रक्तमागणीचा कागद समोर होता, आणि ओ निगेटिव्ह दारातून परत पाठवायला माझं मन होईना." तिनं श्वास घेतला. "ठेवते आता. बोललं की दम लागतो."

ती वाचली. अकरा दिवस दवाखान्यात ऑक्सिजनवर होती, मग घरी आली, पुढं कामावरही गेली. हे मला दुसऱ्यांकडून कळलं, कारण मी पुन्हा फोन केला नाही. रक्त मी अजूनही देते, पण दुसऱ्या पेढीत, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन. तिच्यासमोर उभं राहायची मला भीती वाटते.