स्पिरिटची बाटली

परवा लातूरच्या दवाखान्यात नर्सनं दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि त्या वासानं मी तोंड फिरवलं.

त्र्याण्णवच्या भूकंपात माझा धाकटा भाऊ गेला. त्याच्या चितेपुढं अण्णांनी, माझ्या वडिलांनी, दारू सोडायची शपथ घेतली. पुढं पत्र्याच्या शेडमध्ये राहताना आईच्या पायाची जखम पुसायला डॉक्टरांनी स्पिरिट दिलं. एका दुपारी अण्णांनी तीच बाटली तोंडाला लावली. हनुवटीवरून लाळ गळत होती, शर्टावर ओकारी पडली होती.

"पोराची शपथ घेतली ना? एवढं बी मन आवरंना?" आई ओरडली.

"न्हाई आवरत. माझी मलाच किळस यायलीय," असं रडत म्हणत त्यांनी पुन्हा बाटली उचलली.

तेव्हा मला ते नाटक वाटलं. आज वाटतं, ते खरंच बोलत होते. तरी माझी किळस काही गेली नाही.