रहस्यकथेचं शेवटचं पान

अकोल्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तिला आठवडाभर वाचायला मनाई केली. त्यामुळे तिची रहस्यकादंबरी मला मोठ्यानं वाचून दाखवावी लागली. श्रीमंतांचा बंगला, नवऱ्याचं बाहेर प्रकरण आणि मग त्याचा खून. चळवळीची पत्रकं वाचत वाढलेली मी चिडले. "या शेठलोकांच्या भानगडींशी आपला काय संबंध?"

"तुह्या पत्रकात नुसता निषेधच असते. वाच वं, बायकोनं मारलं का त्याले, सांग मले."

शेवटचं पान नव्हतंच. अमरावतीच्या मोर्च्याची पोस्टरं चिकटवताना खळीचे हात पुसायला मीच ते फाडलं होतं. हे सांगायची हिंमत होईना, म्हणून मी शेवट रचला: खून भागीदारानं केला, बायको निर्दोष सुटली आणि बंगल्यातल्या मोलकरणींनी पगारवाढीसाठी संप केला.

आई पट्टीखाली हसायला लागली. "संपबी झाला? म्या दोनदा वाचलं हे पुस्तक. बायकोनंच मारलं होतं."

"मग मला कावून वाचायला लावलं?"

तिनं चाचपडत माझा हात धरला. "एरवी तू कवा बसतं माह्याजवळ? वाच पुन्हा. तुह्यावाली बाई सुटते, तेच बरं हाय."

मी कोऱ्या मलपृष्ठाकडे बघत पुन्हा वाचायला लागले.