ऋषिराजचा डावा हात

कुपवाडातून सांगलीला जाणाऱ्या सिटी बसमध्ये जाईबाई चढली की तरण्या पोरांची पंचाईत व्हायची. "ए मिशीवाल्या, सरक जरा. पायावर उताना टाकून त्याल लावलंय तुला. लय रडका हुतास," असं ती भर गाडीत सांगायची, आणि कारखान्यात चार माणसांना दमात घेणारा तो गडी निमूट उठून जागा द्यायचा. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालायचं काम ती गेली पस्तीस वर्षं करत होती. आधी सासू करायची, सासूचे गुडघे गेल्यावर ही करायला लागली. किती पोरं हाताखालून गेली ते तिनं कधी मोजलं नाही. पोरं मोजू नयेत, असं सासूनंच सांगून ठेवलं होतं.

शाळा चौथीपर्यंत, पण बाळाच्या अंगाबद्दल तिची मतं पक्की होती. न्हाणीघरात पाय लांब करून बसायची, पोराला नडगीवर आडवं घ्यायची आणि तेल हातावर कोमट करून छातीपासून सुरुवात करायची. ओढाताण नाही, घाई नाही. शेवटी उजवा हात डाव्या पायाला आणि डावा हात उजव्या पायाला लावून घडी घालायची. कुणी हौशी बाळंतिणीनं विचारलं, हे कशाला, की तिला चेव यायचा. "आगं, जल्मलेल्या पोराला ठावं नसतंय, आपून कुठं संपतो आनि आई कुठं सुरू हुती. त्याला वाटतंय सगळं एकच हाय. अंगावरनं हात फिरला की मग कळतंय, ही माझी कड. हितपातूर मी." असं बोलून ती पुन्हा तेलात बोटं बुडवायची. तेवढं सांगितल्यावर तिच्या दृष्टीनं विषय संपलेला असायचा.

सासूनं कामासोबत एक नियमही दिला होता. न्हाऊ घालणारीनं पोराच्या अंगाला नाव ठेवायचं नाही. पोर काडीसारखं असलं तरी "बाळसं धरायलंय" म्हणायचं. डोकं लांबट असलं तर "बसतंय हळूहळू." नियम तसा वाईट नव्हता. कितीतरी खचलेल्या पोरी त्या एका खोट्या वाक्यावर उठून बसल्या होत्या. पण चांगला नियमसुद्धा कधी गळ्याशी येईल हे सांगता येत नाही.

मार्केट यार्डाच्या मागं नाथाजी आणि शालूबाईचं घर. नाथाजी हळदीच्या अडतीत तोलाई करायचे, त्यामुळे त्यांच्या टॉवेलापासून पाहुण्यांच्या चहापर्यंत सगळ्याला हळदीचा वास. त्यांची लेक क्रांती कोयनानगरला दिलेली. जावई जयराज वीज प्रकल्पावर नोकरीला, वसाहतीत क्वार्टर, माणूस बरा. पण लग्नाला सात वर्षं झाली तरी पोर नव्हतं, आणि सासरच्यांनी त्या सात वर्षांत क्रांतीला काय काय ऐकवलं ते शालूबाईच्या केसांत पांढरं होऊन उतरलं होतं. आठव्या वर्षी क्रांती पोटुशी राहिली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सांगलीत आली. मुलगा झाला. नाव ऋषिराज. शालूबाईनं जाईबाईला बोलावून सांगितलं, "आवं, माझ्या पोरीचं पोर हाय. हातचं राखू नगा."

जाईबाईनं राखलं नाही. पोर गोरंगोमटं, भुकेचं पक्कं. मुठी आवळलेल्या, पण त्या सगळ्याच पोरांच्या असतात. हाताच्या पाठीवरून बोट फिरवलं की मूठ सैल होते, हा रोजचा अनुभव. तिसऱ्या आठवड्यात तिच्या ध्यानात आलं की उजवी मूठ सैल होते, डावी होत नाही. तिनं मनाला समजावलं, येळ लागतो एकेकाला. सव्वा महिना झाला. उजवा हात तेल लागताच उडायचा, पोर पाय झाडायचं, डावीकडं मात्र हात फिरवला तर पोराच्या चेहऱ्यावर काही उमटायचंच नाही. घडी घालताना डावा हात सरळ व्हायला कुरकुरायचा. तिनं डावा हात त्याच्या तोंडाशी नेला, डोळ्यांपुढं धरला. पोरानं त्या हाताकडं बघितलं आणि नजर काढून घेतली. तो हात दुसऱ्या कुणाचा असावा तशी.

त्या दिवशी घरी गेल्यावर तिनं लेकाला, राजरत्नला सांगितलं. तो कुपवाडात लेथ मशीनवर कामाला.

"मग सांग की त्यास्नी. दवाखान्यात न्या म्हनावं," तो म्हणाला.

"मी कोन सांगनार? डॉक्टरीन हाय व्हय मी?"

"मग इचारतीस कशाला?"

दुसऱ्या दिवशी धीर करून तिनं सांगितलं. क्रांतीला नाही, शालूबाईला. स्वयंपाकघराच्या दारात, हळू आवाजात. "आक्का, राग मानू नगा. पोराचा डावा हात मला जड वाटतोय. दावून घेऊया कुनालातरी."

शालूबाईचा चेहरा उतरला. मग ताठ झाला. "जाईबाई, सात वर्सं माझ्या पोरीनं काय सोसलंय ठावं हाय न्हवं? आता माझ्या दारात पोरात खोट निघाली तर त्ये काय म्हंतील? म्हायेरी आबाळ केली म्हंतील. न्हाईतर तुमीच हात पिरगळला म्हंतील." मग आवाज मऊ करून तिनं जाईबाईचा हात धरला. "क्रांतीजवळ यातलं बोलू नगा. दूध आटंल तिचं. शपथ घ्या बघू माझी."

जाईबाईनं शपथ घेतली. नियम सासूचा, शपथ आक्काची, आणि हात पिरगळल्याचा आळ आला तर कुपवाडातल्या बौद्ध वस्तीतल्या बाईचं कोण ऐकणार होतं. हात दाखवून अवलक्षण कशाला, असं तिनं स्वतःला सांगितलं. खरं तर ती भ्याली होती.

मग तिनं एक केलं. तोंड बांधलं होतं पण हात मोकळे होते. अर्ध्या तासाची अंघोळ ती तासभर करायला लागली. डाव्या हाताला दुप्पट वेळ. तळव्यापासून मनगटाकडं, मनगटापासून खांद्याकडं, हळूहळू. डावा तळवा ती त्याच्या गालावर फिरवायची, पोटावर ठेवायची, आईच्या पदराला लावायची. क्रांती हसून म्हणायची, "मावशी, तुमी तर खेळतच बसता." तिसरा महिना सरत आला तेव्हा एक दिवस डाव्या मुठीतलं अंगठ्याजवळचं बोट उलगडलं आणि तिच्या करंगळीवर टेकलं. जाईबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. बंबाच्या धुराचं निमित्त करून तिनं पुसलं.

त्याच आठवड्यात कोयनानगरहून गाडी आली. तीन महिने झाले, लेकरू आपल्या घरी न्यायचं. रीतच ती. जाईबाईला साडी-चोळी झाली, नारळ झाला, पोराला पाळण्याच्या दुपट्यात गुंडाळून गाडीत घातलं. "तेल लावत जा गं, डाव्या हाताला जरा जास्ती," एवढं तिनं खिडकीतून क्रांतीला सांगितलं. शालूबाई शेजारीच उभी होती, म्हणून कशासाठी ते सांगितलं नाही. तिकडं वसाहतीत तेल लावणारी बाई नव्हती. क्रांती घाईघाईनं दोन मग पाणी ओतून मोकळी व्हायची, हे जाईबाईला पुढं कळलं.

ऋषिराज साडेसहा महिन्यांचा झाला तेव्हा उष्टावणाला सांगलीत आला. बाळाला पहिला घास मामानं भरवायचा आणि मग त्याच्यापुढं वस्तू मांडून तो कशाला हात घालतो ते बघायचं. पेन, पुस्तक, सोन्याची अंगठी, हळकुंड, पाना. घर माणसांनी भरलेलं. जाईबाईलाही मानानं बोलावलं होतं. पोराला उशीला टेकवून बसवलं. त्यानं उजव्या हातानं झपकन पेन उचललं. टाळ्या पडल्या. नाथाजी म्हणाले, "आता ह्याला हळदीच्या पोत्याखाली वाकाय नगो."

आणि शालूबाई सगळ्यांना सांगायला लागली, "आवं, पेनच काय, काय बी द्या. जेवत्या हातानंच घेतंय. एकदा बी डावा पुढं करत न्हाई. शिकवाय लागलं न्हाई, उपजत वळन हाय बघा." सासरची मंडळीही खूश. क्रांतीची सासू म्हणाली, आमच्यात सगळे असेच सरळ हाताचे.

जाईबाईला ते पटेना. साडेसहा महिन्यांच्या पोराला कसला जेवता हात आणि कसलं वळण? त्या वयात पोरं दोन्ही हातांनी मिळेल ते ओरबाडतात, मांजराची शेपटीसुद्धा सोडत नाहीत. डाव्या अंगाला ठेवलेल्या अंगठीकडं आणि हळकुंडाकडं तर त्यानं मानही वळवली नव्हती. ती पुढं सरकली, त्याच्या हातातलं पेन काढून डाव्या मुठीशी नेऊन ठेवलं. तिला वाटलं, आता तरी कुणाला दिसेल. पोरानं वाकून, अंगावरून उजवा हात पलीकडं नेऊन पेन घेतलं. पुन्हा टाळ्या. "बघा, कुठं बी ठेवा," शालूबाई म्हणाली. पण म्हणताना तिनं जाईबाईकडं बघितलं, आणि त्या नजरेत आनंद कमी आणि विनवणी जास्त होती.

अख्खं घर कौतुकानं बघत होतं आणि त्यात एकटीला भलतंच दिसत होतं. ओरडून सांगावं तर भरल्या घरात अपशकुनी ठरायचं. न सांगावं तर पोराचं अर्धं अंग त्याच्यापासून लांब चाललेलं. खिरीची वाटी तिनं न चाखताच खाली ठेवली. घरी जाताना राजरत्नच्या गाडीवर मागं बसून ती मुसमुसून रडली. त्यानं विचारलं तर म्हणाली, वारं लागलं डोळ्याला.

सव्वा वर्षाचा झाला तरी पोर रांगेना, डावीकडं कलंडायचं. तेव्हा जयराजला संशय आला. कराडला दाखवलं, मग पुण्याला. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या एका बाजूला जन्माच्या सुमारास इजा झाली आहे, कुणाचा दोष नाही. उपचारासाठी क्रांती सांगलीला माहेरी येऊन राहिली. विश्रामबागेत प्रियदर्शनी मॅडम अशा मुलांकडून खेळ आणि व्यायाम करून घेतात, तिथं आठवड्यातून तीनदा जायचं ठरलं. शालूबाईचा रक्तदाब वाढलेला, ती अंथरुणाला टेकलेली. म्हणून क्रांतीनं सोबतीला जाईबाईला बोलावलं. "मावशी, त्याला तुमच्या हाताची सवय हाय," ती म्हणाली. जाईबाईला नाही म्हणता आलं नाही, आणि हो म्हणताना लाज वाटली.

पहिल्या दिवशी ऋषिराज जाईबाईच्या मांडीवर. मॅडम तरुण, बोलायला गोड. चटईवर बसून त्यांनी नाक, कान, पोट विचारलं. पोट म्हटल्यावर त्यानं सदरा वर केला. मग त्या म्हणाल्या, "ऋषिराज, तुझा हात दाखव बघू." त्यानं उजवा वर केला. "शाब्बास. आणि दुसरा हात?"

पोरानं इकडंतिकडं बघितलं. डावा हात त्याच्याच मांडीवर पडला होता, त्यावरून नजर तशीच पुढं गेली. शेजारी जाईबाईचा तेलानं काळवंडलेला हात चटईवर टेकलेला होता. त्यानं खुशीत त्यावर बोट ठेवलं.

मॅडमनी "बरं" म्हटलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. मग क्रांतीकडं वळून त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "पहिल्यांदा कधी लक्षात आलं? लवकर आला असता तर हा हात त्याच्या जास्त ओळखीचा झाला असता. आता होणारच नाही असं नाही, पण वेळ फार लागेल. म्हणून विचारते."

"सव्वा वर्साचा झाला तवा," क्रांती म्हणाली. "त्याआधी कुनालाच कळलं न्हाई."

जाईबाई खाली मान घालून म्हणाली, "सव्वा म्हैन्याचा हुता तवा कळलं हुतं. मला."

क्रांतीनं तिच्याकडं बघितलं. "मग बोलला का न्हाई?"

उत्तर जाईबाईच्या ओठावर होतं. शालूबाईचं नाव घेतलं असतं तर तिची सुटका झाली असती. पण अशा पोराला घेऊन बाईनं यावं असं घर एकच, तिथं अंथरुणावर आई पडलेली, आणि त्या माहेरापासूनही या पोरीला तोडायचं?

"भ्याले गं," ती म्हणाली. तेही खरंच होतं.

क्रांती उठली आणि पोराला तिच्या मांडीवरून उचलून आपल्या मांडीवर घेतलं. मॅडमनी तेलाची बाटली पुढं करून सांगितलं, हे रोज तीन वेळा घरी करायचं, कोण करणार? "मी करीन. दुसरं कुनी नगो," क्रांती म्हणाली आणि तिनं पोराचा डावा हात धरून चोळायला सुरुवात केली. भराभरा, जोर लावून, रडत. पोर आईच्या तोंडाकडं बघत होतं. जाईबाई दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. तळव्यापासून मनगटाकडं, हळू, असं तिला सांगायचं होतं. आता तिला कुणी शपथ घातलेली नव्हती, तरी तिला ते सांगता येईना.