पगारे सरांची रिकामी ओळ

माझ्या मॅक्रोने एका दिवसात अकरा माणसं गायब केली होती.
आणि बोलणी खाल्ली पगारे सरांनी.

सर आज सकाळी गेले.

२००१-०२ची गोष्ट. सातपूरची कंपनी, हजेरी बघणारं आमचं टाइम ऑफिस, तिघांत एक कॉम्प्युटर. मी नवीन, कोर्स करून आलेली, त्यामुळे तोऱ्यात.

कंपनीच्या बसची यादी सर रोज हाताने लिहायचे. मी सगळी नावं एक्सेलमध्ये भरून मॅक्रो, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, केला. बटण दाबलं की यादी तयार. माणसं कमी असोत की जास्त, तो वरून निघून नावं संपेपर्यंत खाली जायचा.
रिकामी ओळ दिसली की नावं संपली, एवढीच त्याची अक्कल. माझीही तेवढीच.

आता सरांची एक पद्धत होती. कुणी रिटायर झालं की नाव पुसायचं, पण ओळ महिनाभर तशीच ठेवायची.
"माणूस लगेच मिटवायचा नसतो गं."

गोसावी मामा रिटायर झाले. मॅक्रो त्यांच्या रिकाम्या ओळीपाशी थांबला. खालची अकरा नावं यादीत आलीच नाहीत.

त्यात सुनीता होती. पेठकडची, ट्रायलवर. एक खाडा पडला की नोकरी गेली.
यादीत नाव नाही म्हणून ड्रायव्हरने तिला पंचवटीच्या स्टॉपवरून घेतलंच नाही. ती चालत आली, दुपारी.
"ताई, मी लय लवकर येऊन उभी होते."
मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सर सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेले. "यादी मी तपासली नाही. चूक माझी. तिचा खाडा लावू नका."
त्या वयात सगळ्यांदेखत ऐकून घेतलं त्यांनी. माझं नावसुद्धा काढलं नाही. सुनीताची नोकरी राहिली.

मी म्हटलं, "सर, रिकाम्या ओळी काढूनच टाकते."
"ओळ राहू दे. तुझा मॅक्रो बदल."
मग चहा ओतता ओतता म्हणाले, "वरून कशाला जातेस? पार तळाला जा आणि वर ये. पहिलं भेटेल ते शेवटचं माणूस. मधे कुणी नसलं तर नसलं, पुढे जायचं."
सरांना मॅक्रोतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मी आजवर तसंच करत आले.

सर गेल्याचा फोन सुनीताचाच होता. सुपरवायझर आहे ती आता. बराच वेळ आम्ही दोघी नुसत्या रडलो.

जुन्या स्टाफच्या गेट-टुगेदरची यादी अजून माझ्याकडेच असते. मघाशी तुमचं नाव पुसलं, सर. ओळ तशीच ठेवलीय.
खालचं कुणी सुटणार नाही.

या आता. मनापासून नमस्कार.