जहाजाचं रक्षण शिकायला कुरवंड्याला

उर्सेच्या टोलनाक्यावर माझी गाडी पहिल्यांदा ओरडली.

"सावधान! वरून धोका!"

आवाज माझाच होता, पण आला मागच्या सीटवरच्या पेटीतून. शेजारच्या रांगेतल्या टेम्पोवाल्याने मान बाहेर काढून घाबऱ्या डोळ्यांनी आकाश तपासलं. वर नाक्याच्या छपरावर एक पारवा बूड टेकत होता, बाकी काही नाही.

नाक्यावरचा माणूस खिडकीशी आला. "मॅडम, आत काय आहे?"

"कॅमेरा. जहाजावर बसवायचा आहे. आकाशातून हल्ला आला की ओरडून सांगतो."

त्याने पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "इथं कुठला समुद्र, मॅडम? हा रस्ता लोणावळ्याला जातो."

हे मला माहीत होतं. पुण्यात आमचा एक छोटा कारखाना आहे आणि गेली काही वर्षं आम्ही या कॅमेऱ्याच्या मागे लागलो आहोत. युद्धनौकेवर आता मोठ्या क्षेपणास्त्रांइतकीच भीती स्वस्तातल्या ड्रोनची असते. ती थव्याने येतात आणि रडारला ती आणि समुद्रपक्षी जवळजवळ सारखेच दिसतात. प्रत्येक ठिपक्यावर महागडं क्षेपणास्त्र सोडलं तर भाता रिकामा होतो आणि खरा हल्ला आला की हात चोळत बसावं लागतं. म्हणून कशावर मारायचं नाही, हे झटकन सांगणारा डोळा जहाजाला हवा आहे. तो डोळा आपण करू, असं मी छातीठोकपणे सांगून बसले होते.

मागच्या चाचणीत आमचा डोळा एका कावळ्यावर सात वेळा ओरडला. परीक्षकांमधले मुख्य गृहस्थ नौदलातून निवृत्त झालेले, पांढऱ्या मिशांचे. ते शांतपणे म्हणाले, "बाई, तुमच्या यंत्राचं ऐकलं तर आमची क्षेपणास्त्रं कावळ्यांवरच संपतील." शेवटची संधी म्हणून त्यांनी लोणावळ्यातल्या एका तळ्याकाठी दोन दिवसांनंतरची वेळ दिली. तिथे नापास झालो की काम दुसऱ्याला.

काम गेलं असतं तर रडून मोकळी झाले असते. पण माझी मुलगी मुक्ता अशाच एका जहाजावर अधिकारी आहे. तिच्या डोक्यावर कुणाचा तरी डोळा असणार; तो माझा असावा, एवढाच माझा हट्ट. तसा तो आत्ताही असतो. जहाज समुद्रात गेलं, फोन लागेनासा झाला, की मी दिवसातून वीस वेळा लावते. रेंज आली की तिच्या फोनवर मिस्ड कॉलची रास पडते. "आई, मित्रमंडळी विचारतात घरी कोण गेलं," असं ती एकदा चिडून म्हणाली होती. नवऱ्याचं म्हणणं आणखी वेगळं. कॅमेऱ्यासाठी मी माझा आवाज भरला तेव्हा तो ऐकून म्हणाला, "छान. दूध उतू जाताना ओरडतेस तसंच."

लोणावळ्याजवळचं कुरवंडं गाव निवडलं ते पाखरांसाठी. नागफणीच्या सुळक्याखालून दरीतला वारा वर चढतो आणि त्यावर घारी तासन्‌तास फुकट फिरतात. दोन दिवस पाखरं दाखवायची, त्यांची नावं कॅमेऱ्याला घोकायला लावायची, असा बेत होता. आमच्या वेल्डरचे सासरे, चिंधू आबा, तिथे भातशेती करतात. त्यांच्या घरी उतरायचं ठरलं.

पोहोचले तेव्हा भात पिवळं पडत होतं. गाव हिरवं, शेत पिवळं आणि खाली दरीत ढगांचा नुसता कापूस. मी मान वर करून पाहत उभी राहिले आणि पाय शेणात गेला. आबांच्या मंडळींनी, सोनामावशींनी, तांब्याभर पाणी पायावर ओतत विचारलं, "लय लांबनं आलाव?"

"पुण्याहून."

"मंग एवढं का दमलाव?"

जेवायला तांदळाची भाकरी आणि शेतातल्या खेकड्यांचा रस्सा. खेकडा फोडायची कला मला येत नाही. एक नांगी माझ्या हातून सुटली ती थेट आबांच्या पागोट्यावर जाऊन बसली. आबांनी ती काढून स्वच्छ चोखली आणि म्हणाले, "नेम बरा हाय."

दुपारी शेतातल्या माळ्यावर (राखणीसाठी चार खांबांवर बांधलेलं मचाण) मी कॅमेरा बसवला. आबा शेजारी गोफण घेऊन, पायाशी वेचलेल्या दगडांचा छोटा ढीग. पुढचा तासभर काय झालं ते सांगायला लाज वाटते. घार गेली, कॅमेरा ओरडला. बगळा गेला, ओरडला. पहिल्या हाकेला बांधावरून चार बायका विळे घेऊन धावत आल्या. त्यांना वाटलं बिबट्या झाडावरून उतरला. दुसऱ्या हाकेला दोघी आल्या. तिसऱ्या हाकेला एकीने नुसती मान वळवली आणि म्हणाली, "त्या पुण्याच्या बाई हायत."

मी घाम पुसत प्रत्येक पाखराचं नाव यंत्रात टाकत होते. आबांची गोफण मांडीवर पडून होती. पाखरं त्यांच्या डोक्यावरून जात होती आणि ते तंबाखू मळत होते.

"आबा, तुम्ही एकही दगड मारला नाही," मी जरा टोचूनच म्हणाले.

"कुनाला मारू? समदी आपापल्या वाटंनं चाललीत."

तेवढ्यात पोपटांचा एक थवा आला. तो आधीच्या तीन थव्यांसारखाच होता, निदान मला. कॅमेरा ओरडला. बांधावर कुणी मान वर केली नाही. आबा मात्र उभे राहिले, गोफण दोनदा फिरली, काडकन आवाज झाला आणि दगड थव्याच्या पुढ्यातून सणसणत गेला. थवा कचरला आणि वळून पलीकडच्या डोंगराकडे गेला. शेतात एकही पोपट उतरला नाही.

"हाच थवा कसा कळला? कुठला पोपट होता?"

आबा हसले. "पाखराचं नाव कशाला इचारायचं, ताई? त्येला काय पत्र धाडायचंय? त्येचं तोंड कुटं हाय ते बघायचं. जे सरकत सरकत जातंय, ते जाऊ द्यायचं. जे एका जागी थांबल्यावानी दिसतं आन् नुसतं मोठं मोठं व्हत जातं, ते आपल्याकडंच येतंय. समद्यांस्नी दगुड मारला तर हात दुपारीच गळंल. खरी धाड येती सांजच्याला."

मी यंत्र बाजूला ठेवलं. हेच मुक्ताने मला एकदा सांगितलं होतं. समोरचं जहाज एकाच दिशेला दिसत राहिलं आणि मोठं होत गेलं, की टक्कर ठरलेली. पण ती सांगत होती तेव्हा मी मध्येच विचारलं होतं, "जेवलीस का?"

म्हणजे वर्षानुवर्षं मी कॅमेऱ्याला पाखरांची बाराखडी शिकवत होते आणि ती कुठे चालली आहेत हे बघायलाच शिकवलं नव्हतं. मला स्वतःचा भयंकर राग आला. रागात मी सवयीने फोन काढून मुक्ताला लावला. लागला नाही. पुन्हा लावला.

"कुनाला लावताय?" आबांनी विचारलं.

"लेकीला. जहाजावर आहे. रेंज नाही."

"काय अडचन हाय का तिची?"

"नाही."

"मंग तीबी तिच्या वाटंनं चाललीय की."

मी फोन पिशवीत टाकला आणि वरून पंचा कोंबला.

दुसऱ्या दिवशी सकाळभर ओट्यावर बसून मी नावांची यादी बाजूला सारली आणि आबांचा नियम यंत्रात लिहिला. सोनामावशी मध्येमध्ये कोरा चहा आणून ठेवत होत्या. "कांपुटरला बी देऊ का?" असं त्यांनी एकदा विचारलं, त्या थट्टा करत होत्या की नाही, मला अजून कळलेलं नाही. दुपारी पुन्हा माळ्यावर गेलो. घार गेली, कॅमेरा गप्प. बगळे गेले, गप्प. आबांनी उठून माझ्या कॅमेऱ्यावर टिचकी मारली. "मेलं का काय ह्ये?" आणि पोपट शेताकडे वळले तेव्हा कॅमेरा आणि आबा एकाच क्षणी ओरडले. बांधावरच्या बायका हसल्या, पण यावेळी त्यांनी वर पाहिलं.

तिसऱ्या दिवशी लोणावळ्याच्या तळ्याकाठी परीक्षक मंडळी टेबलाभोवती बसली होती. टेबल वडाच्या झाडाखाली, आणि मिशीवाल्यांसमोर कांदाभज्यांची ताटली. एका पडावाला, म्हणजे होडीला, जहाज मानून त्यावर कॅमेरा बसवला. मंडळींनी आधी पतंग उडवले, मग बाजूने जाणारी ड्रोन. कावळे तर न बोलावता आले. कॅमेरा गप्प. मिशीवाले म्हणाले, "बाई, वायर लावली आहे ना?"

तेवढ्यात कावळ्यांच्या आडून एक छोटं ड्रोन पडावावर तुटून पडलं.

"सावधान! वरून धोका!"

एकदाच आणि वेळेवर. मिशीवाल्यांनी मान डोलावली आणि कागदावर काही तरी लिहिलं. चाचणी संपली. मी कॅमेरा उतरवून टेबलावर ठेवला, तो चालूच राहिला होता. मिशीवाले पहिलं भजं उचलत होते आणि माझ्या आयुष्याचं सार्थक होत होतं, तोच कॅमेरा पुन्हा किंचाळला.

"सावधान! वरून धोका!"

मिशीवाल्यांनी भजं खाली ठेवलं. "आता हा कोणता कावळा?"

उत्तर वडावरून आलं. एक दांडगं माकड पारंबी सोडून टेबलाच्या मधोमध उतरलं, ताटली उचलली आणि परत वर गेलं. सगळं आटपायला दोन श्वास लागले असतील. मिशीवाले रिकाम्या टेबलाकडे, मग वर बघत राहिले. वरून कांद्याची एक पाकळी त्यांच्या मिशीवर पडली.

"इशारा मिळूनही आम्ही ढिम्म बसलो," ते हळूच म्हणाले. "यंत्र पास आहे, बाई. समुद्रावरच्या चाचणीला या."

परतताना जुन्या रस्त्याने आले. कार्ल्यापाशी भाताच्या कडेला एका टपरीवर चहाला थांबले. समोरून बसगाड्या जात होत्या, मागे पोपट ओरडत होते, आणि कोणाचंही नाव यंत्रात टाकायची मला घाई नव्हती. दोन दिवस मुक्ताला फोन केला नव्हता. सोपं गेलं म्हणणार नाही; पिशवीतल्या पंच्याला हात कितीदा लागला ते माझं मला माहीत.

पंच्याखालून फोन वाजला. तिचा निरोप होता.

"आई, रेंज आली. परवापासून तुझा एकही मिस्ड कॉल नाही. काय झालंय? बरी आहेस ना? मी घाबरले."

मी चहा खाली ठेवला आणि फोन लावला. एकदाच. तिने पहिल्या रिंगला उचलला.