निळ्या ट्रेमधला फ्लास्क

फ्लास्क माझ्या हातात होता आणि त्यातलं तेल काही केल्या खाली येत नव्हतं.

तेल म्हणजे खाण्याचं नव्हे. आमच्या कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये मुलं पदार्थ बनवतात. तो कधी कधी घट्ट होत नाही, तळाशी पिवळा आणि चिकट बसतो. त्याला सगळे तेलच म्हणतात. मी तिथली काचेची भांडी धुते. चौदा वर्षं झाली. रीत अशी, की सिंकजवळच्या निळ्या ट्रेमध्ये ठेवलेलं धुवायचं. विचारायचं नाही.

हा फ्लास्क रेश्माने ठेवला होता. अलोरे गावची मुलगी, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. प्रोजेक्टचा पदार्थ तिने तीनदा केला, तिन्ही वेळा तेलच झालं. हे तिसरं, तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवलेलं. त्याचे स्फटिक व्हायला हवे होते, खडीसाखरेचे होतात तसे.

ती खिडकीपाशी एम.एस्सी.चा फॉर्म घेऊन बसली होती. पाचला ऑफिस बंद होणार होतं आणि शेवटचा दिवस होता.

"काय गो, भरलास?"

"ॲनालिटिकल लिहिते आता, मावशी."

"वर्षभर तर ऑरगॅनिक, ऑरगॅनिक करत होतीस."

"त्याला हात बसलेला लागतो. माझ्या हाताने नुसतं तेल होतं."

मी चौथी शिकले. ही नावं ऐकून पाठ झाली होती, अर्थ तिनेच कधीतरी सांगितला होता. ऑरगॅनिकमध्ये नवा पदार्थ तयार करायचा. ॲनालिटिकलमध्ये समोर आलेल्या पदार्थात काय आहे आणि किती आहे, ते शोधायचं. इनऑरगॅनिकमध्ये धातू आणि क्षार. फिजिकलमध्ये उष्णता, वेग आणि पुष्कळ गणित. चारांतला एक घ्यायचा, मग बदलता येत नाही. तिच्या वडिलांनी मुंबईहून फोनवर दोन वर्षं कबूल केली होती. तिसरं नाही. घाबरून घेतलेल्या विषयात ही दोन वर्षं कशी काढणार, असं मनात आलं. पण बोलले नाही. मी फारशी बोलतच नाही.

असलं तेल सिंकमध्ये ओतत नाहीत, टाकाऊच्या कॅनमध्ये टाकतात. ते सुटेना, म्हणून मी काचेची कांडी घेतली आणि पातेल्याचं करपलेलं काढतात तसं कडेने जोरात खरवडलं.

कांडीच्या मागे एक पांढरी रेघ उठली.

मला वाटलं, फ्लास्क तडकला. तेवढ्यात त्या रेघेला बारीक काटे फुटले. काट्यांना पुन्हा काटे. बघता बघता तळाचं सगळं तेल पांढऱ्या सुयांनी भरून गेलं, आणि फ्रिजमधून काढलेला तो फ्लास्क माझ्या तळहाताला कोमट लागला. कुणी शेगडी लावली नव्हती. तो आतून, आपला आपणच तापला होता.

"सर!" मी ओरडले. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

तिचं प्रोजेक्ट बघणारे सर धावत आले. "बाई, काय टाकलंत यात?"

"काही नाही, सर. खरवडलं नुसतं."

सर रेश्माकडे वळले. "तू खरवडलं नव्हतंस?"

"खरवडलं होतं, सर. केल्या केल्या."

"गरम असताना?"

"हो, सर."

"थंड झाल्यावर खरवडायचं असतं. काचेला ओरखडा पडला की स्फटिकाला धरायला जागा मिळते. तुला घाई, बाईंना भांडं रिकामं करायचं होतं. बाईंनाच देऊ या आता ॲडमिशन."

मला कुठे लपू असं झालं. रेश्मा मात्र हसली नाही. तिने फ्लास्क उजेडात धरला.

"सर, पण हा आपलाच पदार्थ कशावरून?"

"घड्याळ बघितलंस?"

"बघितलं."

"मग तपास."

तिने चिमूटभर सुया टिपकागदात दाबून कोरड्या केल्या, केसासारख्या बारीक नळीत भरल्या आणि नळी तापवायच्या यंत्रात घातली. शुद्ध पदार्थ ठरलेल्या तापमानाला झटकन वितळतो. भेसळ असली तर आधीच मऊ पडतो.

"मावशी, तुम्ही बघा भिंगातून."

मी डोळा लावला. पांढरं, पांढरं, पांढरं. आणि पापणी लवेपर्यंत पाणी.

रेश्माने आकडा सांगितला. सरांनी पुस्तक उघडलं. "तुझाच पदार्थ. एक अंश कमी आहे, चालेल."

"का कमी, सर?"

"थोडं दुसरं काही राहिलंय आत."

"दुसरं काय?"

सरांनी खिशातलं पेन काढून तिच्या हातात दिलं. तिने फॉर्मवर लिहिलं, ॲनालिटिकल.

"परत तेच?" मला राहवलं नाही. "आता तर हाताने जमलं ना?"

"तेच, मावशी. आत काय राहिलंय, ते आता शोधायचंय. मघाशी नुसती पळून जात होते."

आणि ती खरंच पळाली. पाचला दहा कमी होते. ऑफिसात फॉर्म घेतला.

आता ट्रेमधलं भांडं उचललं की मी आधी उजेडात धरते. मग विचारते, "टाकू?" मुलं वैतागतात. वैतागू देत.