जगनचा मातीचा बाप

चाळिशी उलटलेला बाप्या सुट्टीच्या दिवशी दार लावून बाहुल्या खेळतो, हे वरसे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. जगनला तोंडावर कोणी हसत नव्हतं, इतकंच. कंपनीत पिंपं भरायच्या कामाला तो शिफ्टला जाई, येई, आणि मागच्या खोलीत मातीचा म्हातारा चालवत बसे. चालवत म्हणजे काय, तर म्हाताऱ्याचा पाय केसभर पुढे सरकवायचा, फोटो काढायचा, पुन्हा केसभर सरकवायचा, पुन्हा फोटो. ते सगळे फोटो भरभर एकामागून एक दाखवले की म्हातारा आपसूक चालतो. अख्खा रविवार खपावा तेव्हा त्याची दोन पावलं पडत. माणूस घडवताना देवालाही इतका वेळ लागला नसेल, आणि देवाला दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्टही नव्हती.

हाच धंदा जगनने मुंबईत उमेदीची सगळी वर्षं केला. तो मूळचा पेणकडच्या खाडीकाठचा. बाप महिपती मिठागरात राबला, आई बायजा पेणच्या गणपतीच्या कारखान्यात. आईच्या पदराला धरून जगन मातीत हात घालायला शिकला आणि तेच हात बघून एका स्टुडिओने त्याला उचललं. टीव्हीवर मातीचे उंदीर नाचायचे, मातीचे टूथब्रश भांडायचे, ते याचे. मग कॉम्प्युटर आला. जे उंदीर नाचवायला चार माणसांना महिना लागे, ते एक पोरगा खुर्चीत बसून आठवड्यात नाचवू लागला. मालकाने मातीच्या खोलीला कुलूप लावलं आणि जगनला घरचा रस्ता दाखवला. मग पोटासाठी तो वरसे गावाजवळच्या कंपनीत लागला.

गेल्या वर्षी हर्षदचा फोन आला. हा हर्षद स्टुडिओत जगनच्या हाताखाली शिकलेला, आता जाहिरातींची स्वतःची कंपनी काढून बसलेला. "जगनदादा, लोकांना कॉम्प्युटरचा कंटाळा आलाय," तो म्हणाला. "पुन्हा खऱ्या मातीचं मागतायत. एक मिनिटाची फिल्म करून पाठवा. जाहिरात देणाऱ्या पार्टीला आवडली तर मी मातीची खोली पुन्हा उघडतो, तुम्ही सांभाळायची."

जगनला आणखी काय हवं होतं? पिंपं सुटणार, माती परत मिळणार. त्याने मिठागरात मीठ ओढणारा म्हातारा घडवायला घेतला आणि घडवता घडवता तो महिपती झाला. मेलेल्या बापाची वाकलेली पाठ, फेंगडे पाय, सगळं उतरलं.

फक्त डोळे नव्हते. पेणच्या कारखान्यात वाढलेल्या माणसाची ही खोड, डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी. मुंबईत ती खोड मोडली होती, पण बापाच्या तोंडाशी आल्यावर हात पुन्हा अडला. महिनोन्महिने त्याने म्हाताऱ्याला पाठमोराच चालवला. शेवटी हर्षद वैतागला, "दादा, तोंड दाखवा ना त्याचं. पाठ कोण बघणार?" मग एका रविवारी जगनने डोळे आखले, चेहऱ्याचे चारी बाजूंनी फोटो काढून हर्षदला पाठवले आणि स्वतः त्या डोळ्यांसमोर बसून राहिला. बाप जिवंत असताना त्याच्यासमोर तो इतका वेळ कधी बसला नव्हता.

सोमवारी निघताना म्हाताऱ्याचा हात वळावा म्हणून खांद्यात घातलेली तार तुटलेली दिसली. जगनने हात उपटून बाजूला ठेवला, धूळ बसू नये म्हणून अंगावर पांढरं फडकं टाकलं आणि गडबडीत कडी न लावताच तो शिफ्टला गेला.

केर काढायला बायजा आत शिरली. फडकं उचललं तर नवरा आडवा, एक हात तुटलेला, डोळे उघडे. बिनडोळ्यांचा होता तोवर तिच्या लेखी तो मातीचा गोळा होता. पण डोळे आखले की मातीत जीव येतो, आणि जीव आलेली मूर्ती भंगली तर ती घरात ठेवायची नाही, हे कारखान्यात जन्म काढलेल्या बाईला कोणी सांगावं लागत नाही. तिने म्हाताऱ्याला फूल वाहिलं, दहीभात दाखवला, पाटावर ठेवून नदीवर नेला आणि कुंडलिकेत सोडला. तुटलेला हातही सोबत सोडला. बाईचं काम चोख.

दुपारी जगन परतला तेव्हा ती निवांत पान खात बसली होती.

"तुज्या बापाला मार्गी लावला," ती म्हणाली. "मोडका पडलेला. असा ठेवत्यात व्हय घरात?"

त्याची बायको अनिता मध्ये पडली. "आई, त्यो पिच्चरचा हुता."

"असंल पिच्चरचा. डोळे हुते ना गो त्याला?"

हे अनितालाही पटलं, कारण तीही पेणचीच.

जगन नदीकडे धावला. ही माती तेलात मळलेली, पाण्यात विरघळत नाही. म्हातारा कुठेतरी अख्खा पडलेला असणार, या आशेने तो अष्टमी गावाला जाणाऱ्या पुलाखाली छातीभर पाण्यात उतरला आणि पायांनी तळ चाचपू लागला. पुलावर माणसं जमली. "काय शोधतोस रं?" कोणीतरी विचारलं.

"बाप," जगन म्हणाला. दुसरं काही त्याला सुचलंच नाही.

दोघं भले तरुण कपड्यांसकट पाण्यात उतरले. बाप वीतभर उंचीचा आणि मातीचा आहे हे कळल्यावर मात्र त्यांनी जगनला आईबहिणीवरून शिव्या घातल्या आणि निथळत निघून गेले. वरून धरणाचं पाणी सुटलं तसा जगनही बाहेर आला.

त्याने नवा म्हातारा घडवायला घेतला. तीच माती, तेच हात, पण तोंड काही उतरेना. एकदा कंपनीतला सुपरवायझर झाला, एकदा जगन स्वतःच झाला. शेवटी त्याने हर्षदला खरं काय ते सांगून मुदत मागितली.

"टेन्शन घेऊ नका दादा," हर्षद म्हणाला. "पाठमोरा आहे, तोंडाचे फोटो आहेत. बाकीचं इथे कॉम्प्युटरवर होऊन जाईल."

"आणि मातीची खोली?"

"बघू."

दिवाळीत मोबाइलवर जाहिरात आली, पाकीटबंद मिठाची. पाठमोरा महिपती चालत जातो, थांबतो, वळतो आणि हसून पाकीट पुढे धरतो. अंगावर बोटांचे ठसेसुद्धा होते, खऱ्या मातीवर उठतात तसे. जगनने निरखून पाहिलं, ते त्याचे नव्हते. सुरुवातीची पावलं तेवढी त्याची होती, आणि सगळ्या जाहिरातीत तीच काय ती अडखळत होती.

बायजाने जाहिरात पुन्हा पुन्हा लावायला लावली. जन्मात न हसलेला नवरा हसताना बघून तिच्या डोळ्यांना धार लागली.

"ह्यो जिता हाय," ती म्हणाली. "तुजा मेलेला वाटायचा रं. कुनी केला?"

"हर्षदनं," जगन म्हणाला.

"पोराच्या हाताला गुन हाय," बायजा म्हणाली. "तुला शिकवतो का, इचारून बघ."